दारातली कढई

जळगावात लहान धंदेवाल्यांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. आमच्या बचत गटातल्या बायांनी मला बळेच नेलं. थंडगार हॉल, खुर्च्यांना पांढरी कापडं, आणि समोर माइक घेऊन एक तरुण बाई. बोलायला गोड होत्या, त्यात वाद नाही. जेवणानंतर सगळे पेंगायला लागले तेव्हा त्यांनी एक प्रश्न टाकला. समजा, तुमचा आजचा धंदा पुसून टाकला आणि पहिल्यापासून सुरू करायचा म्हटलं, तर तुम्ही काय वेगळं कराल? एकेकाने उठून सांगायचं.

लोक एकदम जागे झाले. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, राहत्या घराखाली गिरणी घालणार नाही, लग्न झाल्यापासून माझी बायको हलत्या पलंगावर झोपते आहे. साडीच्या दुकानवाला म्हणाला, मेव्हण्याला दुकानात घेणार नाही. त्याचा मेव्हणा शेजारच्याच खुर्चीत होता. त्याने चहाचा कप तोंडाला लावला तो बराच वेळ खाली आणलाच नाही. भुसावळचे एक वेल्डिंगवाले चाचा होते, पांढरी दाढी, डोळ्यांना सारखं पाणी. ते म्हणाले, "मशीन घ्यायच्या आधी काळा चष्मा घेईन." एवढंच बोलून ते खाली बसले.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "कढई मागे ठेवीन."

सगळे हसले. माइकवाल्या बाईंनी विचारलं, "मावशी, म्हणजे किचनचा लेआउट बदलाल का?"

"लेआउट नाही. कढई."

पुन्हा हशा. माझं डोकं तापायला काही लागत नाही. "हसायला काय झालं? कोणाचे दात जास्त झालेत?" असं मी माइकमध्येच विचारलं. माइकवाल्या बाईंनी घाईने पुढच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. फक्त त्या वेल्डिंगवाल्या चाचांनी मान वळवून विचारलं, "कोण भाजलं, आक्का?"

त्या थंड हॉलमध्ये ते सांगण्यासारखं नव्हतं. इथे सांगते.

धुळ्याकडून जळगावला जाताना पारोळा मागे पडलं की डाव्या हाताला आमचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, बाकडी, टेबलं आणि मागे स्वयंपाकाची खोली. शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, एवढंच मिळतं. दुसरं काही मागितलं तर मी नाही म्हणून सांगते, आणि तेही नीट सांगत नाही. आमची शेवभाजी खाणाऱ्याला रडवते. लाल मिरच्या आणि खोबरं काळं पडेस्तोवर भाजायचं, कांदा विस्तवात जाळायचा, सगळ्याचं वाटण, आणि वर बोटभर तर्री. मसाला भाजायच्या दिवशी रस्त्यावरचे मोटारसायकलवाले खोकत जातात, शिव्या देतात आणि थोडं पुढे जाऊन जेवायला परत येतात.

रस्सा माझ्याकडे आणि शेव मालकांकडे, अशी आमची वाटणी होती. मालक म्हणजे माझा नवरा. भट्टीवर मोठी कढई, तिच्यावर आडवा झारा टाकायचा आणि त्यावर तळहाताने पीठ घासायचं. खाली उकळत्या तेलात शेव पडते. हे काम आचाऱ्याला द्या म्हणून मी कितीदा कानीकपाळी ओरडले, पण मालकांना ते काम म्हणजे जीव की प्राण. त्यांचा उजवा तळहात घासून घासून भाकरीच्या तव्यासारखा टणक झाला होता. लग्नाच्या सुरुवातीला तो हात गालाला लागला की मला ओरखडायचा. पुढे त्या ओरखड्याशिवाय मला चैन पडेना. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

पूर्वी हॉटेलपुढे मोठं अंगण होतं आणि भट्टी त्या अंगणात, एका कडेला. मग रस्ता चार पदरी करायला निघाले. एका सकाळी जेसीबी आला आणि आमचं अंगण, कडुनिंब, पाण्याची टाकी, सगळं ओरबाडून घेऊन गेला. टाकी फुटली तेव्हा मी त्या ड्रायव्हरला दगड मारला, तो काचेला लागला. काच फुटली नाही याचं मला वाईट वाटलं. रस्ता थेट आमच्या उंबऱ्याशी आला. भट्टीला जागा उरली नाही. मी म्हटलं, मागे घेऊ, स्वयंपाकाच्या खोलीला लागून. मालक ऐकेनात.

"गिऱ्हाईक नाकवरी येस वं," ते म्हणाले. वास गेला नाही तर गाडी थांबणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

"आनि तुम्ही भाजाई गयात तं?"

"मी काय आजच तळी ऱ्हायनू का?" असं म्हणून त्यांनी गवंड्याला बोलावलं आणि दारातच ओटा बांधून घेतला. आत यायच्या वाटेचा अर्धा भाग भट्टीने खाल्ला. उरलेल्या अर्ध्यातून गिऱ्हाईक आत येणार आणि बाहेर जाणार. दुसरं दार नव्हतं. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि मालकांनाही वाढलं नाही. पण गाड्या थांबायला लागल्या तेव्हा मीही गप्प बसले.

आता दुसरी गोष्ट, तीही मालकांचीच. आमच्या गावांकडे दोन घरांचं भांडण मिटलं, की दोन्हीकडच्यांनी एका ताटात जेवायची रीत आहे. नुसतं तोंडाने मिटलं म्हणून चालत नाही. ज्यांचं वाजलं त्यांनी एकमेकांना पहिला घास भरवायचा आणि चार माणसांनी ते बघायचं. घरी जेवायचं म्हटलं तर कोणाच्या घरी, यावरून नवीन भांडण. म्हणून लोक हॉटेलात यायला लागले, आणि त्यातही आमच्या. मालकांनी त्यासाठी एक मोठी पितळी परात घेऊन ठेवली होती, दुसऱ्या कशाला तिला हात लावू द्यायचे नाहीत. कोपऱ्यातलं टेबल त्या कामाचं. बांधाचं भांडण, पाण्याच्या पाळीचं, सासर-माहेरचं, सगळी भांडणं त्या टेबलावर मिटली. आणि मालकांना त्याचा इतका अभिमान, की शेवेचं कौतुक केलं तर हसायचे, पण परातीचं कौतुक केलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

या सगळ्यात एक खोच होती. पहिला घास कोणी भरवायचा? जो आधी भरवतो तो नमला, असं लोक धरतात. मालकांनी त्यावर साधा तोडगा काढला होता. ते परातीपाशी उभे राहायचे, दोघांच्या हातात घास द्यायचे आणि "हं, आते!" म्हणायचे. दोघांनी एकदमच भरवायचं. मालक तिथे असेपर्यंत एकही समेट मोडला नाही.

त्या दिवशी ते तिथे नव्हते. कढईवर होते.

वैशाखातली दुपार होती. पत्रे तापून तडतड वाजत होते. जवळच्या गावातले दोन चुलतभाऊ आले, सोबत त्यांचे पाच-सहा जण आणि समेट घडवून आणणारे एक वयस्क आबा. भावांची नावं मी सांगणार नाही. एकाचं वावर बांधाच्या वरच्या अंगाला, दुसऱ्याचं खालच्या. म्हणून मी त्यांना वरचा आणि खालचा म्हणते. वरचा वयाने मोठा. त्याने बांधावरचा निंब तोडला आणि खालच्याने त्याच्या ठिबकच्या नळ्या कोयत्याने कापून टाकल्या. मग एकमेकांची डोकी फोडून झाली, पट्ट्या बांधून झाल्या, आणि आता आबा त्यांना परातीवर घेऊन आले होते. वरच्याच्या भुवईवरचे टाके अजून ओले होते.

मी मागच्या खोलीत रस्सा उकळत होते. मध्ये वाढायची खिडकी आहे, तिच्यातून टेबलही दिसतं आणि थेट दारापर्यंतही दिसतं. मी परात भरून पाठवली. मालकांनी नुकताच घाणा सोडला होता. शेव तेलात पडली की तिला सोडून जाता येत नाही, क्षणात जळते. त्यांनी मान वळवून हाक दिली, "थांबा हो, मी येई ऱ्हायनू!"

अंगणात भट्टी असती तर ते अंगणातून काय ओरडले असते मला माहीत नाही. मागे असती तर माझ्या हातात झारा देऊन ते टेबलाशी गेले असते, हे मात्र मला पक्कं माहीत आहे.

आबांना घाई. ऊन लागलं होतं, भूक लागली होती. ते खालच्याला म्हणाले, "धाकला शे ना तू? मंग तूच पहिले भराव."

खालचा जरा थांबला. मग त्याने भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि टेबलावर वाकून वरच्याच्या तोंडापाशी नेला. वरच्याने तोंड उघडलं. आणि घास घ्यायच्या आधी म्हणाला, "आते कसा वाकना!"

त्याच्या बाजूचे दोघं हसले. बस्स, तेवढंच झालं.

खालच्याने तो घास त्याच्या डोळ्यात कोंबला. रश्शासकट, मिरचीसकट, अंगठ्याने दाबून. वरचा गुरासारखा ओरडला आणि आंधळ्यासारखे हात फिरवत त्याने जे हाताला लागलं ते उचललं. पाण्याचा जग होता. तो खालच्याच्या कानशिलावर बसला आणि रक्ताची पिचकारी भिंतीवर उडाली. मग कोण कोणाला मारतंय ते कळेना. बाकडं आडवं झालं. कोणीतरी कोणाच्या कानाला चावलं. आबा टेबलाखाली गेले. परात उलटून खण्णकन वाजली आणि एकाचा पाय तिच्यावरून घसरला, त्याच्या गुडघ्याचा आवाज मी खिडकीतून ऐकला. बाहेर पळायचं म्हटलं तरी वाट एकच. सगळा घोळका मारामारी करत त्याच वाटेला आला.

मालकांनी झारा खाली ठेवला आणि दोन्ही हात पसरून ते मध्ये उभे राहिले. "अरे भाऊसहो, अरे, थांबा!" त्यांचा आवाज अजून समजावणीचाच होता. वरच्याने खालच्याला छातीत लाथ घातली. खालचा मागे, भट्टीवर जायला लागला. जाता जाता त्याने मालकांचा सदरा धरला, त्यांना ओढून स्वतः बाहेर सुटला, आणि मालक त्याच्या जागी पडले. त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत कढईत गेला. मग कढई कलंडली.

मालक ओरडले नाहीत. तेल ओरडलं. ओली शेव तेलात पडते तेव्हा होतो तोच आवाज, फक्त मोठा. तो आवाज आणि तो वास मी अजून विसरलेली नाही. शेव तळते तेव्हा दर वेळी आधी तो वास येतो, मग शेवेचा येतो.

मी कशी बाहेर आले आठवत नाही. भट्टी ढोसायची लोखंडी सळई तिथेच निखाऱ्यात होती. ती मी उचलली आणि खालच्याच्या तोंडावर मारली. पूर्ण ताकदीने. त्याचा जबडा गेला, पुढचे दात गेले, ओठ चरचरला. तो खाली पडला तरी मी मारत होते. वरचा पळायला निघाला, त्याच्या पाठीत दोन घातल्या. मला चार माणसांनी धरलं तेव्हा मी एकाच्या मनगटाला चावले. लोक म्हणतात मी रडत होते. खोटं आहे. मी शिव्या देत होते. माझ्या बापाने बैलाला दिल्या नसतील अशा शिव्या.

हे सांगताना मला लाज वाटत नाही. वाटायला हवी असं आमच्या वकिलांचं मत आहे. कोर्टात तरी तसं दिसू द्या म्हणाले.

मालकांना धुळ्याला नेलं. तिथे ते फार दिवस होते. पट्टी बदलायची वेळ आली की नर्स मला बाहेर काढायची आणि मी भिंतीला डोकं टेकून आतला आवाज ऐकायची. जो माणूस तेलात पडून ओरडला नाही तो पट्टी सुटताना लहान पोरासारखा आईला हाका मारायचा. उजवा कान विरघळून गेला. मानेपासून मनगटापर्यंतची कातडी ओढली गेली, कोपर सरळ होईना, बोटं अर्धी मिटलेली राहिली. आणि हाताची जाणीव गेली. डॉक्टर सुई टोचत होते आणि मालक खिडकीबाहेर बघत होते, त्यांना पत्ताच नव्हता.

ते दवाखान्यात असताना मी एक दिवस हॉटेलवर आले, शेजारच्या वखारीतून घण मागून आणला आणि दारातला तो ओटा फोडला. शेजारचे म्हणाले गवंडी देतो, वखारवाला म्हणाला मी फोडतो. मी कोणाला हात लावू दिला नाही. हाताला फोड आले, ते फुटले, दांडा चिकट झाला, तरी मी घण खाली ठेवला नाही. शेवटची वीट फुटली तेव्हा मला वाटलं होतं बरं वाटेल. काही वाटलं नाही. मग मागच्या बाजूला नवी भट्टी बांधली. शेव आता आचारी पाडतो, चांगली पाडतो. तिचा वास मागच्या शेतात रोह्यांना, म्हणजे नीलगायींना जातो. गाड्या पूर्वीइतक्या थांबत नाहीत.

आणि केस उभी राहिली. एक नाही, दोन. आमची त्या दोघांवर, आणि त्यांची माझ्यावर. वकिलांनी स्पष्ट सांगितलं, जबडा मोडला आहे, दात पाडले आहेत, पडलेल्या माणसाला मारलं आहे, बघणारे बरेच आहेत. तुम्हाला तुरुंग होऊ शकतो. मी म्हटलं, होऊ द्या.

सगळ्यात जास्त मला कशाने जाळलं सांगू? ते दोघं भाऊ एक झाले. एकाच केसमध्ये अडकले म्हणून तारखेला एकाच मोटारसायकलवर यायला लागले. कोर्टाच्या आवारात एका डब्यातून जेवताना मी त्यांना माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खालच्याला चावता येत नाही म्हणून वरचा त्याला भाकरी कुस्करून देत होता. ज्या बांधासाठी माझ्या नवऱ्याचा हात गेला तो बांध त्यांनी मिळून नांगरून टाकला. आता तिथे दोघांची एकत्र कपाशी आहे. आबांनी ते जमवलं म्हणे. मी कोर्टातल्या नळावर तोंड धुतलं आणि भिंतीवर बुक्की मारली. त्या हाताने मला आठवडाभर भाकरी थापता आली नाही.

मग आबा आमच्याकडे आले. म्हणाले, दोन्हीकडच्या केस मिटवून टाकू, कोर्टात सांगू की आमचं काही म्हणणं राहिलं नाही. फक्त आधी परातीवर बसू. रीत आहे.

मी त्यांना बाकड्यावर बसूसुद्धा दिलं नाही. "माझ्या हॉटेलात? त्याच टेबलावर? त्या दोघांना मी वाढू?" पण मालक आतून आले, डाव्या हाताने उजवा हात धरून, ते आता तसेच चालतात. म्हणाले, "येऊ द्या त्यासले."

आबा गेल्यावर मी मालकांवर इतकी ओरडले की रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली. म्हटलं, तुम्हाला कान नाही, हात नाही, आता लाजही नाही का? त्या परातीची एवढी हौस आहे? तुमच्या त्या मोठेपणासाठी मी त्यांना माफ करू? ते ऐकून घेत होते. जुन्या दिवसांत तेही ओरडले असते, आमची भांडणं काही हळू आवाजातली नसत. शेवटी मी दमले तेव्हा ते म्हणाले, "तू जेलमा गयी तं माले घास कोन भरवी?"

त्यांना उजव्या हाताने जेवता येत नाही, डाव्याने जमत नाही. मीच भरवते. मी रागारागाने भाकरी कुस्करली आणि त्यांना भरवली.

ठरलेल्या दिवशी ते सगळे दुपारीच आले. हॉटेल रिकामं ठेवलं होतं. मालकांनी परात स्वतः घासायला घेतली होती, एका हाताने, छातीशी दाबून. त्या दिवसाचा एक पोचा तिला अजून आहे. कोपऱ्यातल्या टेबलावर एका बाजूला ते दोघं बसले, समोर मालक, टेबलाच्या टोकाला आबा. खालच्याचा जबडा वाकडा जुळला होता, बोलताना थुंकी उडायची. तो मला म्हणाला, "चुकी गयं, वहिनी." ओठाच्या कोपऱ्यावर माझ्या सळईचा डाग होता. तो बघून मला मनातून बरं वाटलं, आणि दुसऱ्या बाजूलाही एक हवा होता असंही वाटलं.

भाकऱ्या परातीत कुस्करून ठेवल्या होत्या. रस्सा वरून ओतायचा होता. तो मी वाढायचा, असं ठरलं होतं.

मी मागे गेले. रस्सा चुलीवर खदखदत होता, तर्री फुटून कडेला येत होती. नेहमी आपण वाढायच्या आधी जरा उतरवून ठेवतो, उकळी बसू देतो. मी बसू दिली नाही. फडक्याने दोन्ही कान धरून पातेलं उचललं आणि तशीच निघाले. स्वयंपाकाच्या खोलीपासून टेबलापर्यंत चालताना माझ्या मनात काय होतं ते मी इथे आडपडदा न ठेवता सांगते. मला त्या दोघांच्या तोंडावर ते ओतायचं होतं. आधी खालच्याच्या, मग वरच्याच्या. दोघांना पुरेल एवढं पातेल्यात होतं, ते मी चुलीपाशीच बघून घेतलं होतं. तुरुंगाचा विचार आला आणि गेला.

मी टेबलापाशी आले. ते दोघं खाली परातीकडे बघत होते. आबा काहीतरी पुटपुटत होते. फक्त मालक माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांचा संसार, माझं तोंड त्यांना वाचता येतं. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा, आणि परातीच्या पलीकडे त्या दोघांच्या तोंडांसमोर आडवा धरला.

"पहिले मना हातवर ओत," ते म्हणाले.

आवाज शांत होता. त्या हाताला काही कळणार नव्हतं. मी ओतलं असतं तरी ते खिडकीबाहेर बघितल्यासारखे बसून राहिले असते. पण तो तळहात माझ्याकडे वळलेला होता. अर्धी मिटलेली बोटं, चकचकीत ओढलेली कातडी. मधोमध अजून तो टणक भाग तसाच होता, रुपयाएवढा, शेव पाडून पाडून झालेला. बाकी सगळं जळालं, तेवढं राहिलं होतं.

वाफ माझ्या तोंडावर येत होती. फडकं तापून हात पोळत होते. त्या दोघांनी आता वर पाहिलं होतं आणि त्यांना कळलं होतं. वरच्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

मी पातेलं जमिनीवर ठेवलं. इतक्या जोराने ठेवलं की रस्सा उसळून माझ्याच पायावर आला. पायावर अजून डाग आहे.

मग मालकांनी डाव्या हाताने स्वतःच पळीने रस्सा घेऊन परातीत घातला. त्यांनी "हं, आते!" म्हटलं, आणि त्या दोघांनी मालकांना आणि मालकांनी डाव्या हाताने त्या दोघांना घास भरवला. निम्मा सदऱ्यावर सांडला. खालचा रडायला लागला. आबा म्हणाले, "बठ्ठं मिटी गयं, वं पोरी," आणि वरच्याने एक घास माझ्यापुढे धरला. मी तोंड उघडलं नाही. त्याने हात खाली घेईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले.

केस मिटल्या. मी घरी आहे, मालकांना रोज दोन वेळा भरवते. त्या दोघांची कपाशी चांगली आली आहे, बसमधून जाताना दिसते.

जळगावच्या त्या बाईंनी विचारलं होतं, पहिल्यापासून सुरू केलं तर काय वेगळं कराल. मी जे सांगितलं तेही खरंच आहे. कढई मागे असती तर हात राहिला असता. पण ती दुपार पुन्हा आली, ते दोघं पुन्हा तसेच मान खाली घालून बसले आणि माझ्या हातात तेच पातेलं असलं, तर मी ते खाली ठेवीन का, हे मला खरंच सांगता येत नाही. एवढ्या लोकांत हे कसं बोलणार? म्हणून मी कढईचं सांगितलं.